स्टेजवर फजिती झाली तेव्हा काय केलंत? (हौशी नाटकवाल्यांचा अनुभव धागा)

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्यात. १९५४ पासून चालत आलेली स्पर्धा, पण आमच्या ग्रुपमधली निम्मी पोरं यंदा पहिल्यांदाच उभी राहणारेत. काल एकाच्या धोतराचा सोगा लेव्हलच्या (स्टेजवरच्या लाकडी चौथऱ्याच्या) खिळ्यात अडकला आणि तो जागच्या जागी थांबून माझ्याकडं बघत बसला, म्हणजे वाक्यं पाठ, मूव्हमेंट पाठ, पण असं झालं तर काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून हा धागा. कपडे, मिशा, प्रॉपर्टी (म्हणजे नाटकातलं सामान), लाइट, जे बिघडलं ते लिहा, पण नुसतं हसून सोडू नका, त्या मिनिटाला काय केलं तेही सांगा.

माझंच आधी. टेबलाच्या ड्रॉवरमधून पत्र काढून वाचायचं, सगळं नाटक त्या पत्रावर. ओढला तर मूठ हातात आली, ड्रॉवर बंदच. मी गारठलो. समोरची बाई शांतपणे म्हणाली, "राहू द्या, मला पाठ आहे ते," आणि अख्खं पत्र म्हणून दाखवलं, महिनाभर तालमीत रोज ऐकत होती ना! त्यानंतर आमच्याकडं ड्रॉवर फक्त दिसायला, पत्र टेबलावरच्या पुस्तकाखाली.

नांदेड, मेकअप बघतो
मे महिना, पत्र्याचं शेड, पंखे आवाजासाठी बंद. जमीनदाराची मिशी पहिल्याच प्रवेशात डावीकडून सुटली आणि बोलताना फडफड करायला लागली. भाऊनं गालावर हात दाबून धरला आणि नोकराला म्हणतो, "दाढ लई ठणकायलीय रे, लवंग आण." नोकर हुशार, आत आला, मी त्याच्या तळहातावर गमचा ठिपका दिला, त्यानं लवंग द्यायच्या निमित्तानं मिशी चिकटवली. चूक माझीच होती, घामावरच गम लावलेला. आता आधी ओठावरची जागा स्पिरिटनं पुसून कोरडी करतो, गमचा पातळ हात देतो, बोटानं टपटप करून तार सुटायला लागली की मगच केस बसवून ओल्या फडक्यानं दाबतो. ताज्या दाढीवर लावू नका, आग होते. काढताना खोबरेल तेल, ओढायचं नाही.

हिंगोलीकडचं खेडं, लाइट
गणपतीतलं नाटक. शहरातून सहा पार लाइट (स्टेजचे मोठे दिवे) आणले, एकेक हजार वॅटचा, सगळे एकदम चढवले आणि मांडव गुडूप. नंतर हिशोब केला, ६००० भागिले २३०, म्हणजे २६ अँपिअर, आणि आमची वायर घरातल्या बोर्डावरून ओढलेली! प्रेक्षक उठायला लागले तसा एकानं ट्रॅक्टर आणून स्टेजसमोर लावला, हेडलाइट चालू. बॅटरी बसू नये म्हणून इंजिनबी चालूच, त्यामुळं शेवटचा करुण प्रवेश सगळ्यांनी बोंबलून केला. तरी बाया रडल्या.

लातूर
माझी नऊवारी. सुनेचं काम, वळताना दिराचा पाय पदरावर नाही तर थेट काष्ट्यावर पडला आणि मागनं सुटत चाललेलं मला कळलालतं. पळून आत गेले असते तर प्रवेशच संपला असता. मी होते तिथंच खाली बसले, समोर सूप होतंच, तांदूळ निवडायला घेतले. सासूचं काम करणाऱ्या काकूंना एका नजरेत समजलं, म्हणाल्या, "बसूनच बोल गं, कंबर धरलीय ना सकाळपासून." अख्खं भांडण मी बसून केलं आणि खरं सांगू, उभ्यानं करायचे त्याच्यापेक्षा चांगलं झालं! ब्लॅकआउटला काकूंनी मागून लुगडं मुठीत धरून मला आत नेलं. आता कमरेला सुती दोरी घट्ट बांधून मग लुगडं नेसते, काष्टा त्या दोरीत खोचून दोन पिना आडव्या लावते (उभी पिन ताण आला की उघडते), आत सायकलिंग शॉर्ट असतेच. शिवलेली नऊवारी सोपी पडते हो, पण ती स्टेजवर पायजम्यासारखी दिसते असं माझं मत.

बीड
ऐतिहासिक नाटक, मावळ्याच्या हातात डिजिटल घड्याळ, बरोबर नऊला वाजलं. काय करणार, खिंडीत पक्षी ओरडला म्हणून सगळ्यांनी वर बघितलं.

परभणी, शाळेत बालनाट्य बसवते
आमचं झाड विंगेतच अडकलं. पुठ्ठ्याचा बुंधा घरी बापानं हौसेनं केलेला, विंगेची रुंदी कुणी मोजली? तिसरीतला पोरगा, निम्मा आत निम्मा बाहेर, रडायच्या बेतात. ससा झालेली पोरगी गेली आणि त्याला म्हणाली, "तू इथंच राहा, आम्हीच सावलीला येतो." सगळे प्राणी कोपऱ्यात जाऊन बसले आणि नाटक तिथंच झालं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

धागाकर्ता
लातूरच्या ताई, ती दोरी धोतराखाली चालेल का? आणि गाठ पुढं घ्यायची का बाजूला? शुक्रवारी प्रयोग आहे, पोरगं अजून खिळ्याकडंच बघत चालतंय. खिळा मी ठोकून बसवलाय तरी.