बीटा शून्य असताना नॅन गायब होणे हा दोष नाही

प्रश्न असा आहे की सी मॅट्रिक्समध्ये नॅन ('ही संख्या नाही' असे दर्शवणारे मूल्य) असूनही डीजेमचे उत्तर स्वच्छ कसे. डीजेम हे मॅट्रिक्स गुणाकाराचे फंक्शन: सी = अल्फा × ए × बी + बीटा × सी. बीटा शून्य असेल तर सी वाचायचाच नाही, नुसता लिहायचा, असे ब्लास या मूलभूत मॅट्रिक्स-क्रियांच्या प्रमाणित संचाचे विनिर्देशन सांगते. न भरलेली मेमरी थेट देता यावी म्हणून. अल्फा शून्य असेल तर ए आणि बीही वाचले जात नाहीत.

खरी डोकेदुखी आयडामॅक्सची, म्हणजे निरपेक्ष मूल्याने सर्वांत मोठ्या घटकाचा क्रमांक देणाऱ्या फंक्शनची. फोर्ट्रानमधली संदर्भ आवृत्ती 'मोठे आहे का' एवढीच तुलना करते, आणि नॅनशी केलेली अशी तुलना नेहमी असत्य. म्हणून (नॅन, २, ३) ला उत्तर १, पण (२, नॅन, ३) ला ३! एलयू विघटनातला (मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये विघटन) पिव्हट, म्हणजे ज्याने भागायचे तो घटक, यावरच ठरतो. त्यात भर म्हणजे एलयू करणारे लॅपॅक लायब्ररीतले डीगेटआरएफ पिव्हट शून्य आहे का एवढेच पाहते. नॅन शून्य नसतो, त्यामुळे इन्फो (त्रुटी सांगणारा संकेतांक) ० येऊन सगळे आलबेल दिसू शकते. चोलेस्की विघटनाचे (सममित धन-निश्चित मॅट्रिक्ससाठीचे) डीपॉटआरएफ मात्र कर्णावरचा नॅन पकडते आणि इन्फोमध्ये क्रमांक देते.

उपाय: आधी डीलँगे या फंक्शनने 'एम' नॉर्म (सर्वांत मोठे निरपेक्ष मूल्य) काढा, तो नॅन आला तर थांबा. एन × एन मॅट्रिक्ससाठी याचा खर्च एन वर्गाच्या प्रमाणात, एलयूचा एन घनाच्या. मोठ्या मॅट्रिक्सला जाणवतही नाही. सी भाषेतून लॅपॅकई (लॅपॅकचा सी इंटरफेस) वापरत असाल तर नॅनची तपासणी मुळातच चालू असते. ए मध्ये नॅन असेल तर त्यातले डीगेटआरएफ −४ (चौथा पॅरामीटर चुकीचा) परत देते. जीसीसी कंपायलरचा फास्ट-मॅथ पर्याय लावलात तर मात्र नॅन ओळखण्याची 'एक्स स्वतःशी असमान' ही चाचणी कंपायलर खुशाल उडवून टाकतो.