तिसरीच्या वर्गातील वजाबाकी घरच्या रीतीपेक्षा वेगळी का आहे?

प्रश्न : एक पालक

माझी मुलगी तिसरीत आहे. गेला महिनाभर तिच्या वर्गात दोन आणि तीन अंकी संख्यांची वजाबाकी चालू आहे, आणि तिच्या वहीत उभ्या मांडणीपेक्षा काड्यांच्या जुड्यांची चित्रे व संख्यारेषेवरच्या उड्याच अधिक दिसतात. परवा ५२ मधून २७ वजा करताना तिने उत्तर ३५ लिहिले, तेव्हा मी तिला माझ्या लहानपणची रीत दाखवली : दोनातून सात जात नाहीत, म्हणून वरच्या दोनाचे बारा करायचे, बारातून सात गेले की पाच उरतात, मग एक हातचा खालच्या दोनात मिळवून पाचातून तीन वजा करायचे. उत्तर २५ आले, पण तिने लगेच विचारले, "खालच्या दोनाचे तीन का झाले? बाई तर वरच्या पाचाचे चार करतात." मला उत्तर देता आले नाही, याचे वाईट वाटले. वर्गात नेमके काय शिकवले जाते आणि माझी रीत मी घरी शिकवावी का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : प्राथमिक शिक्षिका

आपली रीत चुकीची नाही, हे आधी सांगते. दोन बहिणींच्या वयांत आज जेवढे अंतर आहे तेवढेच दहा वर्षांनीही राहते, कारण दोघींच्या वयात सारखीच भर पडते. आपली रीत याच तत्त्वावर उभी आहे. वरच्या संख्येत दहा एकक मिळवायचे आणि खालच्या संख्येत एक दशक, म्हणजे तेवढेच दहा, मिळवायचे, म्हणून फरक बदलत नाही. आपल्या पिढीतील बहुतेकांना हे कारण कोणी सांगितलेच नाही, केवळ कृती पाठ करवून घेतली.

वर्गात सध्या दशक सुटा करून वजाबाकी शिकवली जात असावी. बावन्न म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. सात काड्या देता येत नाहीत, म्हणून एक जुडी सोडायची, की चार जुड्या आणि बारा सुट्या काड्या होतात. बारातून सात आणि चारातून दोन गेले की दोन जुड्या व पाच काड्या उरतात. संख्या तीच राहते, फक्त तिची मांडणी बदलते, आणि मूल हे स्वतःच्या हाताने करून पाहू शकते, हा या रीतीचा मोठा गुण आहे. संख्यारेषेवर हेच २७ पासून पुढे मोजत करतात : तीन मिळवले की ३०, वीस मिळवले की ५०, आणखी दोन की ५२, एकूण उडी २५ ची.

या दोन रीतींचा वाद जुना आहे. १९४९ साली अमेरिकेत ब्राउनेल आणि मोझर यांनी तिसरीच्या सुमारे १४०० मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि दशक सुटा करण्याची रीत अर्थ समजावून शिकवली तर मुलांना ती चांगली कळते, असे त्यात आढळले. माझ्या मते "अर्थ समजावून" हे शब्दच महत्त्वाचे आहेत, कारण जुडी न सोडता नुसते "पाच खोडून चार लिही" म्हणणे हेही पाठांतरच आहे. घरी तूर्त शाळेचीच रीत ठेवावी, ही विनंती. एक रीत पक्की होण्याआधी दुसरी आली की मूल वरच्या पाचाचे चारही करते आणि खालच्या दोनाचे तीनही, आणि उत्तर १५ येते.

उत्तर २ : आणखी एक पालक

३५ या उत्तराविषयी थोडे लिहितो. तो निष्काळजीपणा नव्हे. मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, सातातून दोन आणि पाचातून दोन; म्हणजे तिने एक नियम धरला आणि तो नीट पाळला. १९७८ साली ब्राउन आणि बर्टन यांनी मुलांच्या वजाबाकीतील चुकांचा अभ्यास करून दाखवले की अशा अनेक चुका ठरावीक नियमानेच होतात. म्हणून उत्तर खोडण्याआधी "हे कसे केलेस?" असे विचारून पाहावे.

मराठी संख्यानामांकडेही लक्ष असू द्यावे. "बावन्न" म्हणताना दोनाचा उच्चार आधी होतो आणि लिहिताना पाच आधी येतो. "एकोणसाठ" मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात ५ व ९. माझा मुलगा कितीतरी दिवस ५२ च्या जागी २५ लिहीत असे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल आम्ही पेन्सिलींच्या जुड्या बांधून बसलो, आणि तिने स्वतः रबर काढून जुडी सोडली. मात्र ४०३ मधून १६८ वजा करताना दशकाच्या घरात शून्य असल्याने आम्ही दोघीही अडलो. सोडायला जुडीच नाही, मग काय करावे?

उत्तर ३ : प्राथमिक शिक्षिका

तेव्हा शतकाकडे जायचे. चार शतकांतील एक सोडले की तीन शतके, दहा दशके आणि तीन एकक होतात. मग त्या दहा दशकांतील एक सोडले की तीन शतके, नऊ दशके आणि तेरा एकक. तेरातून आठ गेले पाच, नवातून सहा गेले तीन, तिनातून एक गेला दोन, उत्तर २३५. शून्याचे एकदम नऊ कसे झाले, हे मुलांना कागदावर कळत नाही, म्हणून मधली दहा दशकांची पायरी वगळू नये. शेवटी २३५ मध्ये १६८ मिळवून ४०३ येतात का, हे तिलाच पाहू द्यावे.