गुलाबांची कथा कोणत्या संत एलिझाबेथची?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
आमच्या वाचनगटात दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणाऱ्यांवर बोलायचे आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या जोडीला मी संत एलिझाबेथ घेणार आहे. मात्र कुठे ती हंगेरीची राजकन्या, तर कुठे पोर्तुगालची राणी असल्याचे वाचले, आणि पदरातल्या अन्नाची गुलाबाची फुले झाल्याची कथा दोघींच्याही नावावर सांगितली जाते. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

उत्तर (मिरज)
दोघीही खऱ्या आणि नात्यातल्या. हंगेरीची एलिझाबेथ ही पोर्तुगालच्या राणीच्या आजीची सावत्र बहीण, आणि राणीला नाव तिचेच दिलेले. तुमच्या विषयाला हंगेरीचीच हवी. १२०७ मध्ये जन्मलेली ही मुलगी चार वर्षांची असताना भावी सून म्हणून आजच्या जर्मनीतील थुरिंगियाच्या दरबारी आली आणि १२२१ मध्ये लुडविगशी तिचे लग्न झाले. १२२६ च्या दुष्काळात तो सम्राटाच्या कामासाठी इटलीत असताना तिने कोठारे उघडली आणि वार्टबुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी २८ खाटांचे रुग्णालय काढले. कारभाऱ्यांनी तक्रार केली, तरी परतलेल्या लुडविगने पत्नीचीच बाजू घेतली. म्हणूनच नवऱ्यापासून अन्न लपवणारी एलिझाबेथ रंगवणारी गुलाबांची कथा मला लुडविगवर अन्याय करणारी वाटते.

उत्तर (सातारा)
सहमत आहे. तिला संतपद देण्यापूर्वी तिच्या सख्यांच्या साक्षी घेतल्या गेल्या. त्यांतला एक प्रसंग जरूर सांगा. पानात वाढलेला पदार्थ कुठून आला याची ती चौकशी करी, आणि तो रयतेकडून अन्यायाने उकळलेल्या वसुलीतला असेल तर भरल्या मेजवानीत, शेजारी नवरा जेवत असतानाही, त्याला हात लावत नसे. दानधर्म करणारे राजघराण्यात पुष्कळ झाले, पण आपल्याच ताटातल्या घासाचा असा हिशेब मागणारे फार थोडे.
१२२७ मध्ये क्रूसेडला (ख्रिस्ती धर्मयुद्धाला) निघालेला लुडविग वाटेतच तापाने वारला. त्यानंतर तिने मारबुर्गला रुग्णालय उभारून स्वतः रुग्णसेवा केली. तिचा धर्मगुरू कोनराड तिला मारहाण करवी आणि त्याने तिच्या जुन्या सख्याही दूर केल्या. याला केवळ शिस्त म्हणून सोडून देऊ नये. १७ नोव्हेंबर १२३१ रोजी, अवघ्या २४ व्या वर्षी, ती गेली आणि १२३५ मध्ये तिला संतपद मिळाले.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. ती कोणाची आश्रयदाती संत मानली जाते?

उत्तर (मिरज)
बेकरीवाल्यांची, रुग्णालयांची, तसेच संसारात राहून संत फ्रान्सिसचा मार्ग आचरणाऱ्यांची. या शेवटच्या मानात फ्रान्सचा राजा संत लुई तिच्या जोडीला आहे.