‘बिननाकाचे’ दस्यू आणि २०० वर्षांचे ठोकळे

जुनेपाने (प्रश्न):
आर्य-दस्यू (दस्यू म्हणजे वेदांतले आर्यांचे शत्रू) हा वंशभेद आणि ऋग्वेदाचा इ.स.पू. १२०० हा काळ, दोन्ही इंग्रजी अमदानीतल्या थापा म्हणून सोडून द्यायचे का? मुळात ताडून पाहायचं तर सुरुवात कुठून करू?

पदच्छेद:
दोन्हींना एकच माप लावू नका. आधी वंशाचं बघा. ऋग्वेदाचं मंडल ५, सूक्त २९, ऋचा १० काढा: ‘अनासो दस्यूँरमृणो वधेन’ (‘अनास’ दस्यूंना तू शस्त्राने मारलंस). ‘अनास’ची फोड अ+नास केली की बिननाकाचे; अन्+आस केली की तोंड नसलेले, म्हणजे ज्यांना धड बोलता येत नाही ते. पहिली फोड एकोणिसाव्या शतकातल्या माक्स म्युलर या संस्कृत पंडिताची, दुसरी चौदाव्या शतकातल्या वेदभाष्यकार सायणाची. (सायणभाष्य छापून काढलं तेही म्युलरनेच, १८४९ ते १८७४!) नुसत्या फोडीवर निकाल लागत नाही, म्हणून ऋचेचा शेवट वाचा. तिथे हेच दस्यू ‘मृध्रवाचः’, म्हणजे वाईट वाणीचे, आहेत. रोख वाणीवर आहे, नाकावर नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात हाच मुद्दा धरून सायणाची बाजू घेतली.

ब्रिटिश जनगणना अधिकारी रिझलीने मात्र नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले १०० असा निर्देशांक काढून जाती मोजल्या आणि वेदांत नाकांचे उल्लेख वारंवार येतात असं ठोकून दिलं. ‘अनास’ अख्ख्या ऋग्वेदात एकदाच येतो.

भाष्यासाठी पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाची पाच खंडांची आवृत्ती घ्या. निव्वळ भाषांतरावर विसंबलात तर ही फोड दिसणारच नाही.

खापरखुंटी:
काळाबद्दल. म्युलरने १८५९ मध्ये बुद्धापासून मागे मोजत वैदिक वाङ्मयाचे थर लावले: (सगळे आकडे इ.स.पू.) सूत्रं ६००-२००, ब्राह्मणं ८००-६००, मंत्र १०००-८००, छंद १२००-१००० असे ठोकळे रचले. सूत्रं सोडून बाकी प्रत्येकाला दोनशेच वर्षं का, याला अंदाजापलीकडे आधार नाही. सूत्रकाळासाठी त्याने कथासरित्सागरातल्या कथेचा (सूत्रकार कात्यायनाला नंद राजाच्या काळात ठेवणाऱ्या) टेकू घेतला, आणि तो ग्रंथ अकराव्या शतकातला! पुढे हा काळ कुणालाच ठरवता येणार नाही, असं त्यानेच १८९० च्या व्याख्यानांत कबूल केलं.

चूक होते ती इथून पुढे. पद्धत कच्ची निघाली म्हणजे आकडाही खोटा, असं होत नाही. म्युलर १९०० मध्ये वारला; तुर्कस्तानातल्या बोगाझकोईचे प्राचीन लेख १९०६ नंतर हाती आले. त्यांतल्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या मितान्नी या पश्चिम आशियाई राज्याच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य हे वेदांतले देव साक्षीला आहेत. यावरून ऋग्वेदाचं साल निघत नाही, पण हा पुरावा म्युलरच्या ठोकळ्यांवर अवलंबून नाही.

पदच्छेद:
एक भर. ‘अनास’ निकालात निघाला म्हणून १.१३०.८ मधली ‘त्वचं कृष्णाम्’ (काळी त्वचा) आपोआप निघत नाही. ती ऋचा स्वतंत्रपणे, भाष्यासह लावावी लागते.