अभिनयाने चकित करणाऱ्या भूमिका

विषय: आठवणीतल्या भूमिका

नमस्कार मंडळी,

तुम्ही सगळ्यांनी इथे दिलेल्या, चित्रपटांतल्या आवडत्या भूमिकांच्या याद्या वाचतोय. ‘पिंजरा’तले डॉ. लागू, ‘उंबरठा’तली स्मिता पाटील ही नावं येणारच होती, त्याबद्दल वाद नाही. मला मात्र ‘सिंहासन’मधल्या निळू फुल्यांबद्दल लिहायचंय.

जब्बार पटेलांचा हा 1979 सालचा चित्रपट. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री आणि या सगळ्यांच्यात वावरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळूभाऊ. त्याआधी ‘सामना’तला त्यांचा हिंदुराव लोकांनी पाहिलेला होता. ती तिरकी नजर, शब्द चावून बोलायची ती ढब! निळूभाऊ पडद्यावर आले की आता कुणाचं तरी वाटोळं होणार, हे प्रेक्षक धरूनच चालायचे. दिगूकडे यातलं काहीही नाही. तो ऐकतो. बाकीचे बोलतात, डाव टाकतात, फोन फिरवतात आणि हा त्यांच्यासमोर बसून ऐकत राहतो. त्याच्या आत काय साठत चाललंय ते आपण चेहऱ्यावरून ओळखायचं. ऐकण्याचा अभिनय फार अवघड असतो. समोरच्याचं वाक्य नटाला तोंडपाठ असतं, तरी ते आत्ताच कानावर पडतंय असं वाटलं पाहिजे. निळूभाऊंनी हे चित्रपटभर निभावलंय. म्हणून शेवटी दिगू भर रस्त्यात हसत सुटतो तेव्हा ते हसू अंगावर येतं. तोवर त्याने आतलं काहीच बाहेर पडू दिलेलं नसतं.

ज्या गोष्टीवर नाव कमावलं तीच बाजूला ठेवून उभा राहिलेला नट मला सगळ्यात जास्त चकित करतो. अशी आणखी कुणाची भूमिका आठवते का तुम्हाला?

---

विषय: उत्तर: आठवणीतल्या भूमिका

काका,

निळूभाऊंबद्दल शंभर टक्के मान्य. पण तुमच्या कसोटीप्रमाणे नट आधी ओळखीचा असायला हवा. मग चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मधल्या गीतांजली कुलकर्णींचं काय करायचं? त्यांचं दुसरं कुठलंही काम न पाहता मी तो चित्रपट पाहिला होता आणि तरी थक्क झाले.

त्या सरकारी वकील आहेत. एका शाहिराला तुरुंगात डांबून ठेवण्यासाठी कायद्याची कलमं वाचतात, आणि कशी वाचतात? एका सुरात, कुठेही न थांबता, पुढचं पान कधी येतंय या बेताने. आवाजात राग नाही, द्वेष नाही. नंतर त्या लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, नवऱ्याला-मुलांना वाढतात. आपल्या ओळखीतली एखादी काकू असावी इतकं ते सगळं साधं आहे. खलनायिका रंगवण्याची आयती संधी होती, त्यांनी ती घेतली नाही. त्या बाईंचा मला राग येईना, आणि त्यानेच मी जास्त अस्वस्थ झाले.

तुमच्या कसोटीला उतरणारं नावही देते: ‘फँड्री’तले किशोर कदम. सौमित्र या नावाने आपण त्यांच्या कविता ऐकल्या, ‘गारवा’ तर पाठ आहे. त्या माणसाचा आवाज, त्याचं शब्दांवरचं प्रेम, सगळं आपल्या परिचयाचं. आणि नागराज मंजुळे त्यांना देतात कचरू, ज्याच्यापाशी बोलायला शब्दच नाहीत. मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत म्हणून तो गावातली डुकरं धरायचं काम घेतो. गावातल्या मोठ्या माणसांपुढे त्याची मान आपोआप खाली जाते, खांदे पुढे येतात. शाळेजवळ डुकराच्या मागे धावताना राष्ट्रगीत सुरू होतं. आधी त्याचा मुलगा जब्या थांबतो, मग सगळे थांबतात. कचरूही ताठ उभा राहतो, आणि हाताशी आलेलं डुक्कर डोळ्यांदेखत निघून जातं. एरवी वाकलेला तो माणूस तेवढ्यापुरता सरळ दिसतो. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिलाय, फक्त त्यांच्या पाठीसाठी.

---

विषय: उत्तर: उत्तर: आठवणीतल्या भूमिका

ताई, कदमांच्या पाठीचं निरीक्षण फार आवडलं. आज रात्रीच पुन्हा पाहतो.

गीतांजली कुलकर्णींचं काम मोठंच आहे, पण मी त्याला चकित होणं म्हणणार नाही. अनोळखी नट उत्तम काम करतो तेव्हा आपण त्या पात्रावर विश्वास ठेवतो. ओळखीच्या नटाला आधी आपल्या मनात बसलेली स्वतःचीच प्रतिमा पुसावी लागते. ते कष्ट वेगळे.

या कष्टांचं सर्वात मोठं उदाहरण माझ्या मते लक्ष्मीकांत बेर्डे. 1992 चा ‘एक होता विदूषक’, पटकथा पु. लं.ची, दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेलच. तमाशातला सोंगाड्या चित्रपटात जातो, मोठा होतो आणि राजकारणात ओढला जातो. लक्ष्या दिसला की थिएटरात आधीच हशा पिकायचा, असे ते दिवस. इथे विनोद आहेच, पण तो पात्राचा धंदा म्हणून आहे. त्या हसवणाऱ्या माणसाचा थकवा बेर्डे डोळ्यांत आणतात. तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही आणि अशा भूमिका त्यांच्याकडे पुढे फारशा आल्या नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते.

दिलीप प्रभावळकरांना कुठल्या खान्यात घालायचं ते मला उमगत नाही. 1991 मध्ये ‘चौकट राजा’चा नंदू, 1993 मध्ये ‘झपाटलेला’चा तात्या विंचू, 2006 मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’चे गांधीजी. पुसावी अशी प्रतिमा त्यांनी तयारच होऊ दिली नाही.

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आठवणीतल्या भूमिका

काका, मग ‘अस्तु’ तुम्हाला मान्य करावाच लागेल. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित म्हणजे डॉ. मोहन आगाशे, स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांचं कौतुक सगळे करतात. मला मात्र अमृता सुभाष जास्त आठवते. माहुताची कानडी बायको, चन्नम्मा. भरकटलेला हा अनोळखी म्हातारा तिला आई म्हणायला लागतो आणि ती खरोखरच त्याची आई होते. दया दाखवल्याचा लवलेश नाही, लेकराचं करावं तसं करत राहते. तिला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘श्वास’पासून ओळखीची असूनही पहिल्या काही मिनिटांत मी तिला ओळखलंच नव्हतं. हे तुमच्या कसोटीत बसतं की नाही, ते सांगा.