पुलावरच्या यंत्राला विसर्ग कसा कळतो?

प्रश्न (नांदेड): आमच्या गावाजवळ गोदावरीच्या पुलाच्या कठड्याला सौर पटल आणि खाली तोंड केलेला एक पांढरा डबा बसवला आहे. तो रडारने पाण्याची पातळी मोजतो असे सांगतात. मग विसर्गाचा आकडा कुठून येतो? उन्हाळ्यात पाण्याला वास येतो, त्याचीही अशीच आपोआप नोंद होऊ शकेल का?

उत्तर (परभणी): यंत्र केवळ पातळीच पाहते. निरनिराळ्या पातळ्यांना प्रवाहाचा वेग आणि पात्राचा काटछेद प्रत्यक्ष मोजून पातळी-विसर्ग वक्र, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी वाहते ते दाखवणारा आलेख, आधी तयार करावा लागतो, आणि पुरात वाळू सरकून पात्र बदलले की तो पुन्हा तपासावा लागतो. विष्णुपुरीसारख्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात पातळी उंच असूनही पाणी जवळजवळ थांबलेले असते. तेथे नुसत्या वक्रावर विसंबू नये.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): सामू (पीएच), विद्युतवाहकता, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू संवेदक सतत मोजतात. बीओडीच्या (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात त्याच्या) चाचणीला मात्र २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस लागतात, त्यामुळे यंत्र दाखवते तो अंदाजच. स्नानयोग्य पाण्यात प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा. शेवाळ माजलेल्या पाण्यात तो दुपारी चढतो आणि पहाटे सर्वात कमी होतो. दुपारी भरलेल्या बाटलीत हे कधीच दिसत नाही, आणि सतत नोंदीचा खरा फायदा माझ्या मते हाच.

प्रश्नकर्ता: म्हणूनच आमच्या डोहातले मासे पहाटे तोंड वर काढतात तर! संवेदक किती दिवसांनी पुसावा लागतो?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): अशा पाण्यात आठवड्याला तरी पुसावा, बुळबुळीत थर चढला की आकडे हळूहळू भरकटतात.