राजोडीला सर्फिंग: भरती, वारा, फळी

मुंबईहून फळीवर उभं राहायला शिकायचं म्हटलं की बरेच जण नालासोपाऱ्याहून रिक्षा करून राजोडी गाठतात. नेहमी जाणाऱ्यांनी नेमकं लिहा. नुसतं 'धमाल आली' नको.

खाजणकर:
लाटेच्या उंचीआधी भरती बघा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आपल्याकडे पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यात किनारा सपाट. पूर्ण ओहोटीला फळी काखेत मारून वाळू तुडवत बसाल. पूर्ण भरतीला लाट काठावरच आपटते आणि परतणारं पाणी फळी आडवी करतं. भरती अर्धी चढली की पुढचे दीडेक तास, कमरेएवढ्या पाण्यात, नवशिक्यांचे. जुना हिशोब: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अंदाजापुरतं ठीक, पक्की वेळ तक्त्यातच.

मतलई:
हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो, लाट गुळगुळीत राहते. पण ती गुडघ्याएवढीच. दुपारी खारा वारा सुटला की सगळं चुरगळतं. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडून लांबची लाट येते. इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजात उंचीसोबत दोन लाटांमधले सेकंदही वाचा: एक मीटर आणि सहा सेकंद म्हणजे खळबळ, एक मीटर आणि चौदा सेकंद म्हणजे चांगलाच धक्का. पावसाळ्यात नाव काढू नका.

फेसाळ:
सत्तर किलोच्या माणसाला आठ-नऊ फुटी फोमची फळी. छोटी फळी फोटोपुरती. पोटावर झोपल्यावर पुढचं टोक पाण्यावर चार बोटं हवं. टोक बुडतंय? पुढे सरकलात. वल्हवूनही लाट खालून निघून जातेय? मागे राहिलात. उठताना तळवे बरगड्यांशी, फळीवर सपाट. कडा पकडल्या की फळी कलंडते. लीश (फळीला बांधून ठेवणारी दोरी) मागच्या पायाला, पट्ट्याखालची वाळू धुऊन; नाहीतर घोटा सोलतो. आणि फळी कधीच स्वतःच्या व लाटेच्या मध्ये आडवी धरू नका, दात तिथेच जातात.

खाजणकर:
राहिलंच. पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच पळतं. २०१३च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीला लोकांना काटे लागले ते पाकटाचेच. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, मग दवाखाना.

भांगतुरा:
दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर ती सोपी वाट नव्हे, समुद्रात खेचून नेणारी ओढ आहे. सापडलात तर फळी सोडू नका, काठाला समांतर वल्हवा, फेस दिसला की काठाकडे वळा. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर शिकायला जाऊच नका.